काजळी, अ‍ॅसिड आणि आमचा मूर्खपणा

वाचकहो, आज दुसऱ्या कोणाची नव्हे, माझीच गोष्ट सांगतो.

आमच्या वाड्यातील जुने स्वयंपाकघर काळ्या दगडाचे, दरजा चुन्याच्या. तीन पिढ्यांच्या चुलीची काजळी भिंतीवर डांबरासारखी बसलेली. दिवाळीच्या साफसफाईत मी संडास धुण्याचे अ‍ॅसिड तिच्यावर ओतले. दरजांतला चुना फसफसून विरघळला. काजळी मात्र ढिम्म. मग वरून ब्लिचिंग पावडर टाकली! क्षणात हिरवट-पिवळा, नाकाला झोंबणारा वायू उठला. खिडकी बंद होती. थोरल्या मुलाने मला ओढून अंगणात आणले. तासाभराने बरे वाटले म्हणून मी जेवलो, झोपलो. मध्यरात्री धाप लागली आणि दोन दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले. डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाची ही गत!

अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. नाकातोंडाला बांधलेला ओला रुमाल त्याला अडवत नाही. असे झाल्यास काहीही आवरत न बसता मोकळ्या हवेत जावे, कपडे बदलावेत, डोळे स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावेत. खोकला थांबला तरी दवाखाना टाळू नये, कारण फुप्फुसांत पाणी काही तासांनीही साचू शकते. धाप लागली तर १०८ क्रमांकाला फोन करावा.

काजळीही निरुपद्रवी नाही. लंडनची धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणाच्या कातडीच्या कर्करोगाचा संबंध पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ मध्येच काजळीशी जोडला होता. म्हणून ती कोरडी खरवडू नये. आधी पाणी शिंपडावे, हातमोजे व मास्क घालावा, दारेखिडक्या उघड्या ठेवाव्यात. कोमट पाणी, साधा साबण आणि नारळाचा काथ्या एवढे पुरते. तारेच्या ब्रशाने दरजा उखडतात. दमेकरी आणि लहान मुलांना त्या दिवशी दूर ठेवावे. काम झाल्यावर आंघोळ करावी.

साबणाने आमची भिंत निम्मी उजळली. दगडात मुरलेला काळा डाग तसाच आहे. सौ. म्हणतात, ‘राहू द्या, सासूबाईंची आठवण आहे.’ अ‍ॅसिडची बाटली मात्र त्यांनी घरातून कायमची हद्दपार केली आहे.