ग्रामनामजन्य आडनावांचा भौगोलिक प्रसार

ठाणे शहराच्या उत्तरेस खाडीकाठी वसलेल्या कोलशेत गावी ‘कोलशेतकर’ शोधीत जाणे फारसे फलदायी ठरू नये. गावात सारेच गावचे. तेथे ग्रामनामाने कोणाची ओळख पटणार? ‘कर’ हा प्रत्यय मनुष्याने गाव सोडल्यावर सार्थ होतो. ब्रिटिश आडनावांचा प्रसार तपासताना एच. बी. गपी यांनी १८९० मध्ये शेतकऱ्यांचीच नावे आधारास घेतली, कारण तो वर्ग सहसा स्थलांतर करीत नसे. कोकणात मात्र अभ्यासकाने गाव सोडून गेलेल्यांकडेच वळले पाहिजे.

या दृष्टीने बेने इस्रायल समाज विशेष उद्बोधक आहे. केहीमकर, नवगावकर, झिराडकर ही आडनावे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गावांवरून आली. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी बांधविले. ठाण्यातील १८७९ चे. १९४८ नंतर हीच ग्रामनामे इस्रायलपर्यंत पोहोचली.

तथापि केवळ आडनावावर विसंबणे धोक्याचे. दिवेकर हे आडनाव चित्पावनांतही आढळते. उलट, कित्येक बेने इस्रायल कुटुंबांनी ग्रामनाम टाकून पूर्वजाचे नावच आडनाव म्हणून लाविले. अभिनेते डेव्हिड अब्राहम चेऊलकर रुपेरी पडद्यावर नुसते ‘डेव्हिड’ राहिले. अशांचे चौल नामसूचीत सापडत नाही. त्यासाठी सिनेगॉगची दप्तरे आणि दफनभूमीतील शिलालेख पाहावे लागतात.