लव्हेंडरच्या वासाने भीती पळते काय?

परीक्षेच्या सकाळी हातपाय गार पडतात, छाती धडधडते आणि रात्री पाठ केलेले सूत्र आयत्या वेळी आठवत नाही. विद्यार्थी मित्रांनो, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. अशा वेळी ‘लव्हेंडरचे तेल हुंगा, मन शांत होईल’ असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवावा काय?

लव्हेंडर ही तुळशीच्याच कुळातील वनस्पती. ती मूळची भूमध्य समुद्राभोवतालची. आता जम्मूमधील भद्रवाह भागातही तिची शेती होते. तिच्या जांभळ्या फुलांतून वाफेच्या साहाय्याने तेल काढतात. लिनॅलूल हा या तेलाचा एक मुख्य घटक. तो परका नाही बरे का. आपल्या धन्यांच्या सुगंधी तेलातही तोच मुख्य असतो.

बाटलीचे बूच काढताच लिनॅलूलचे रेणू उडतात आणि हवेबरोबर नाकात शिरतात. नाकाच्या छताशी असलेल्या चेतापेशी त्यांची वार्ता मेंदूला देतात. दृष्टी व श्रवण यांचे संदेश थॅलॅमस नावाच्या ‘टपालकचेरी’तून पुढे जातात. वासाचे संदेश मात्र तेथे न थांबताही भीती आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांपर्यंत पोचतात.

2018 साली जपानमधील कागोशिमा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उंदरांना लिनॅलूलचा वास दिला. उंदरांची भीती कमी झालेली दिसली. ज्यांची घ्राणशक्ती नष्ट केली होती, त्या उंदरांवर मात्र परिणाम झाला नाही. म्हणजे येथे किमया घडली ती नाकाच्याच वाटेने!

पण माणूस म्हणजे उंदीर नव्हे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दंतवैद्याकडे आलेल्या 340 जणांची पाहणी केली होती. प्रतीक्षागृहात लव्हेंडरचा वास असताना लोकांची त्या वेळची अस्वस्थता कमी होती. पुढच्या खेपेची धास्ती मात्र तेवढीच राहिली. सुगंधाने घटकाभर दिलासा मिळतो, भीतीचे मूळ उपटले जात नाही, असाच याचा अर्थ.

अशा प्रयोगांत एक मोठी अडचण असते. खऱ्या औषधाशेजारी खोटे औषध देऊन तुलना करावी, तर नाक लगेच चुगली करते. 2014 साली लव्हेंडर तेलाच्या कॅप्सूलचा प्रयोग 539 रुग्णांवर झाला, तेव्हा खोट्या कॅप्सूललाही किंचित तोच वास दिला होता. त्यात खऱ्या कॅप्सूलने चिंता अधिक उतरली. ही कॅप्सूल ठरावीक मात्रेची, वैद्यकीय देखरेखीखाली दिलेली होती. बाजारातील तेल कधीही पिऊ नये. ते विषारी ठरू शकते.

रुमालावर थेंबभर तेल घेऊन हुंगण्यास सहसा हरकत नाही. डोके दुखू लागले तर ते दूर ठेवावे. मात्र दोन आठवडे मन उदास राहिले, झोप व भूक गेली, तर अत्तराच्या भरवशावर राहू नका. आईवडिलांना, शिक्षकांना सांगा, डॉक्टरांकडे जा. 14416 या ‘टेलिमानस’ क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते. असे बोलण्यात कमीपणा नाही.

आता एक कोडे. वर्गातील मुलांवर लव्हेंडरचा परिणाम तपासायचा आहे; पण वास कशाचा आहे हे कोणालाही कळता कामा नये. प्रयोग कसा मांडाल? शिक्षकांबरोबर विचार करून पाहा.