अंगण आणि अनुमती

‘अंगणवाडी’ हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. जी मुले शाळेपर्यंत येत नव्हती, त्यांच्या अंगणातच त्यांनी शाळा नेली. मुलाच्या घडणीत घराचा वाटा किती मोठा असतो, हे त्यांनी ओळखले होते. शरीराच्या घडणीसही हेच लागू आहे. मूल किती हालचाल करील, हे त्याच्या स्वभावाइतकेच घरातील जागा, रोजची कामे आणि वडीलधाऱ्यांची अनुमती यांवर अवलंबून असते.

औरादच्या आमच्या जुन्या घराला ढाळज होती, चौक होता, माळवदावर जाणारा जिना होता. पाणी आडावरून येई. उन्हाळ्यात अंथरुणे रोज माळवदावर चढत. त्या चढउतारास कोणी व्यायाम म्हटले नाही, तरी व्यायाम घडत होता. आता नळ आला, दूरचित्रवाणी आली, भ्रमणध्वनी आला. या सोयी हव्यातच. घरातील स्त्रियांनी पुन्हा आडावर जावे, असे मी म्हणणार नाही. मात्र जी हालचाल आपोआप घडे, ती आता योजून घडवावी लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आवश्यक आहे. २०१६ च्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयोगटातील सुमारे ७८ टक्के मुलगे आणि ८५ टक्के मुली या मर्यादेपर्यंत पोहोचत नव्हत्या. या अंतराची कारणे अनेक असतील. त्यांपैकी एक मी घरातच पाहिले.

माझी थोरली बहीण लंगडी घालू लागली की तिच्या तावडीतून कोणी सुटत नसे. बाराव्या वर्षी तिला सांगण्यात आले, ‘आता मोठी झालीस.’ अंगण तेवढेच राहिले, अनुमती गेली. पुढे ती मोकळी दिसे ती नागपंचमीच्या झोक्यावरच. मी तेव्हा लहान होतो. पण बाप झाल्यावर माझ्या मुलीलाही ‘खेळ पुरे, पुस्तक घे’ असेच सांगत आलो. तो दोष सर्वस्वी माझा.

म्हणून पालकांना एवढीच विनंती. अंगण नसेल तर गच्ची, गल्ली किंवा शाळेचे पटांगण चालेल. संध्याकाळचा एक तास खेळासाठी राखावा, जमेल तेव्हा स्वतःही सोबत चालावे, आणि मुलीच्या त्या तासात तिला घरकाम सांगू नये.