दोन नद्यांच्या मधली द्वारका

मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे मिळतात तो चौक म्हणून द्वारका नाशिककरांना परिचित आहे आणि तिची ख्याती वाहतूक कोंडीसाठीच अधिक आहे. परंतु नैसर्गिक आपत्तींचा विचार करताना या भागाची ओळख पाण्यावरून करून घ्यावी लागते. चौकातून आग्र्याच्या दिशेने थोडे पुढे गेल्यावर कन्नमवार पुलाखालून गोदावरी वाहते, पुण्याच्या दिशेने काठे गल्लीचा सिग्नल ओलांडल्यावर नासर्डीचा पूल लागतो, आणि जिला नंदिनी असेही म्हटले जाते ती ही नासर्डी पुढे आगर टाकळी येथे गोदावरीला मिळते. म्हणजे द्वारकेचा परिसर दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेला आहे, आणि त्यांपैकी एका नदीच्या पुराची भाषा शहराला पिढ्यानपिढ्या अवगत असताना दुसरीच्या पुराविषयी मात्र त्याच शहराकडे सामायिक अशी कोणतीही खूण नाही.

आपत्तीला तोंड देण्याची सामुदायिक क्षमता म्हणजे संकटाची चाहूल वेळेत लागणे, त्या काळात कोणी काय करायचे हे आधीच ठाऊक असणे, आणि संकट ओसरल्यावर वस्तीचे जगणे लवकर पूर्ववत होऊन पुढच्या खेपेला नुकसान कमी होईल अशी सुधारणा होणे. यातले पहिले दोन भाग किती निर्णायक ठरतात याचे भारतातील ठळक उदाहरण ओडिशाचे आहे. तिथे १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर निवारे, सूचनायंत्रणा आणि गावपातळीवरील स्वयंसेवक यांची घडी बसवली गेली, आणि २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी जवळजवळ दहा लाख लोकांना हलवल्यामुळे बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. महाराष्ट्रात या विचाराला चालना मिळाली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, आणि पुढे आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन करण्याची तरतूद झाली. कायद्याने यंत्रणा मिळते. तिला गल्लीतील माणसांशी जोडणारा दुवा मात्र स्थानिक ज्ञानातूनच येतो.

गोदावरीच्या बाबतीत हा दुवा नाशिकमध्ये फार जुना आहे. गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागले, कमरेपर्यंत आले, छातीपर्यंत चढले किंवा मूर्ती बुडाली, या चढत्या क्रमाने नाशिककर पुराचे मोजमाप सांगतात. सराफ बाजारातील सरकारवाड्याच्या पायऱ्या आणि १७४७ मध्ये बांधलेल्या नारोशंकराच्या मंदिराची घंटा ही त्याच मापनातील वरची चिन्हे होत. पाटबंधारे खाते विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर करते, आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, पाणी. परंतु भांडी बाजारातील दुकानदाराला आकड्यापेक्षा मारुतीची कंबर लवकर समजते, आणि पाणी कुठवर आले की कोणता माल वरच्या मजल्यावर न्यायचा हे त्याच्या दुकानात सांगावे लागत नाही. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर शहराच्या स्मरणात आहेत ते याच खुणांच्या आधाराने.

या खुणांना उपयोगी बनवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वेळ. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर सुमारे तीस किलोमीटरवरील त्र्यंबकेश्वरच्या परिसरात तो दोन हजारांच्या घरात जातो. त्यामुळे द्वारकेत नुसती रिमझिम असतानाही गोदावरीला पूर येऊ शकतो, कारण तो पूर घाटमाथ्यावरच्या पावसाचा असतो. हे पाणी प्रथम शहराच्या पश्चिमेकडील गंगापूर धरणात येते, धरणातून ते टप्प्याटप्प्याने सोडले जाते, आणि विसर्ग वाढवण्याची सूचना मिळाल्यापासून घाटावर पाणी चढेपर्यंत टपऱ्या हलवण्याइतकी सवड मिळते. धरणाच्या खालच्या बाजूला आळंदी नदी गोदावरीला मिळत असल्याने शहरातील होळकर पुलाखालचा प्रवाह धरणातील विसर्गापेक्षा अधिक असू शकतो, हेही जाणकार नाशिककर गृहीत धरतात. २००८ च्या पुरानंतर पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द निळ्या रेषेने आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द लाल रेषेने दाखवतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध, असे हे सूत्र आहे. या रेषांवरून शहरात जे वाद झाले त्यांत जमिनीच्या किमतीची चर्चा पाण्याच्या वाटेपेक्षा अधिक झाली, असे म्हटल्यास ते अन्यायाचे ठरू नये.

नासर्डीचे गणित याहून वेगळे आहे, आणि द्वारकेच्या दृष्टीने तेच अधिक चिंतेचे आहे. शहराच्या पश्चिमेकडून येणारी ही लहान नदी सातपूरची औद्योगिक वसाहत, उंटवाडी आणि मुंबई नाका अशा दाट वस्तीच्या भागांतून वाहत पुणे रस्त्याच्या पुलाखाली येते. तिच्यावर पाणी अडवून ठेवणारे मोठे धरण नाही, त्यामुळे विसर्ग जाहीर करणारा अधिकारी नाही आणि वेळेची सवडही नाही. नाशिकची जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची असल्याने मुळातच पाणी मुरण्याचा वेग कमी. त्यावर सिमेंटचे रस्ते, फरसबंद अंगणे, छपरे आणि वाहनतळ पसरले, तेव्हा तासाभराच्या जोरदार सरीचे बहुतेक पाणी मुरण्याऐवजी थेट नाल्यांत आणि तिथून नदीत धावते. जलशास्त्रात पाणलोटाच्या दूरच्या टोकावर पडलेला थेंब नदीतील ठरावीक जागी पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेला केंद्रीकरण-काळ म्हणतात. शहरीकरणाने हा काळ आखूड होतो, आणि तेवढ्याच पावसात पूर अधिक उंच व अधिक झपाट्याने येतो. नासर्डीच्या काठावर शिवाजीवाडी, भारतनगर यांसारख्या वस्त्यांत राहणाऱ्या कुटुंबांना म्हणूनच घाटावरील व्यापाऱ्यांइतका अवधी मिळत नाही, आणि सामान हलवायला वरचा मजलाही बहुतेकांना नसतो.

सराफ बाजारात हाच प्रकार छोट्या प्रमाणावर दिसतो. तिथे सरस्वती ही कधीकाळची उघडी नदी बंदिस्त नाल्यात गेलेली असल्याने गोदावरीला पूर नसतानाही मुसळधार सरीत बाजारात पाणी भरते. पावसाळी गटारे आणि सांडपाण्याच्या वाहिन्या कागदावर वेगळ्या असतात. प्रत्यक्षात जिथे त्या एकमेकींत मिसळतात तिथे पावसाळ्यात चेंबरमधून मैलापाणी वर येते आणि उरलेल्या आठ महिन्यांत पावसाळी गटारातून सांडपाणी नदीत जाते. पूर आणि प्रदूषण हे दोन स्वतंत्र विषय म्हणून हाताळले जातात, त्यांची खाती वेगळी असतात, अंदाजपत्रके वेगळी असतात. नदीच्या पात्रात मात्र ते एकच असतात.

हे नाते सर्वांत स्पष्टपणे दिसते पाणवेलींत. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस ही पाणवेलींची खते होत, आणि प्रक्रिया न झालेले किंवा अर्धवट झालेले पाणी जितके अधिक, तितका त्यांचा विस्तार मोठा. उन्हाळ्यात संथ पाण्यावर पसरलेले हे हिरवे थर पहिल्या मोठ्या पुरात सुटून खाली वाहत जातात आणि निफाड तालुक्यात सायखेडा-चांदोरी परिसरातील पुलाला अडकून पाण्याचा मार्ग रोखतात. तिथेच नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा असल्याने गावांत पाणी शिरण्याचा धोका आणखी वाढतो. म्हणजे नाशिकच्या स्नानगृहातील आणि कारखान्यातील पाणी चांदोरीच्या पुराला हातभार लावते. याच नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिल्या रामसर पाणथळ क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. सायखेडा-चांदोरीकडच्या पट्टीच्या पोहणाऱ्या तरुणांनी पुरात लोकांना बाहेर काढण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे, आणि त्यांचे कौतुक योग्यच आहे. तथापि अशा धैर्याचे गोडवे गाताना, ज्या कारणामुळे त्यांना पाण्यात उतरावे लागते ते कारण नदीच्या वरच्या अंगाला बसलेल्यांच्या हातात आहे, याकडे सहज डोळेझाक होते.

गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, न्यायालयाने या कामी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे, म्हणजे ‘नीरी’चे, साहाय्य घेतले, आणि त्यानंतर सांडपाणी प्रकल्पांच्या क्षमतेपासून घाटावर कपडे-वाहने धुण्यापर्यंत अनेक बाबी न्यायालयाच्या देखरेखीखाली आल्या. न्यायालयात जाणे हीदेखील समुदायाच्या क्षमतेची एक खूण मानायला हवी, कारण ज्या गोष्टी शेजारधर्माने सुटत नाहीत त्या संस्थांकडून करून घेण्याची चिकाटी तिथे लागते. सांडपाणी किती शुद्ध झाले हे पाहताना, पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवण्यासाठी जिवाणूंना जो प्राणवायू लागतो त्याच्या मोजमापाला जैवरासायनिक प्राणवायू मागणी म्हणतात. ही मागणी वाढली की माशांसाठी पाण्यात प्राणवायू उरत नाही. आगर टाकळीचा मलनिस्सारण प्रकल्प नासर्डी-गोदावरी संगमाच्या परिसरात आहे, जिथे समर्थ रामदासांनी नदीत उभे राहून तप केल्याची परंपरा सांगितली जाते.

हवेच्या प्रदूषणाबाबत द्वारकेची स्थिती थोडक्यात सांगता येईल. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेची विहित मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचा समावेश आहे. महामार्गावरील वाहतुकीचा एक भाग उड्डाणपुलावर गेला असला, तरी खाली थांबून थांबून सरकणाऱ्या वाहनांचा धूर आणि रस्त्यावरची धूळ चौकातच राहते. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर न उठल्याने हा धूर आणि ही धूळ अधिक वेळ साचून राहतात. चौकातला फळविक्रेता, रिक्षाचालक किंवा वाहतूक पोलीस यांच्या सहनशीलतेवर येथे काहीही सोपवता येत नाही. हा प्रश्न रस्ते, सार्वजनिक बस आणि सिग्नल यांच्या नियोजनाचा आहे.

हवामानबदलामुळे या जुन्या दुखण्यांची तीव्रता बदलत आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि ते बाष्प पडते तेव्हा कमी वेळात अधिक पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. मोठ्या धरणाच्या नदीवर याचा परिणाम काही अंशी आवरता येतो. नासर्डीसारख्या छोट्या, आखूड केंद्रीकरण-काळाच्या नदीवर तो थेट उतरतो. म्हणूनच दुतोंड्या मारुतीकडे पाहून पुराचा अंदाज बांधणाऱ्या शहराने आपल्या ज्ञानाचा अर्धा भाग अजून तयार केलेला नाही, असे म्हणावे लागते.

तो तयार करणे खर्चिक नाही. पुणे रस्त्यावरील पुलाच्या खांबावर आणि त्याच्या वरच्या अंगाला उंटवाडीच्या बाजूस ठळक रंगात मापपट्ट्या, सातपूर भागात सहज वाचता येईल असे पर्जन्यमापक, आणि वर पाणी ठरावीक रेषेला लागताच खालच्या वस्तीत भोंगा वाजवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे अशी नावानिशी ठरलेली माणसे, एवढ्याने वीस-पंचवीस मिनिटांची सवड मिळाली तरी म्हातारी माणसे आणि कागदपत्रे बाहेर काढता येतात. अडचण आहे ती कारभाराच्या सीमांची, कारण नदी सातपूर, नवीन नाशिक आणि नाशिक पूर्व अशा महापालिकेच्या वेगवेगळ्या विभागांतून जाते, आणि नालेसफाईपासून तक्रारींपर्यंत प्रत्येक विभागीय कार्यालयाची नजर आपल्या हद्दीपुरती राहते.

सामाजिक संबंधांचे मोलही येथे मोजावे लागते. १९९५ च्या शिकागोतील उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, तेव्हा समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी दाखवून दिले की जवळजवळ सारख्याच गरिबीच्या दोन शेजारी वस्त्यांपैकी जिथे दुकाने चालू होती, पदपथांवर वर्दळ होती आणि लोक एकमेकांची चौकशी करीत होते, तिथे मृत्यू कितीतरी कमी झाले. काठे गल्लीतील किराणा दुकान, दवाखान्याबाहेरचा कट्टा, गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते आणि मशिदीतील ध्वनिक्षेपक यांना या अर्थाने आपत्ती व्यवस्थापनाचे साहित्यच म्हणता येईल. फक्त एक अडचण राहते: भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय कामगार या जाळ्याच्या बाहेर असतात, आणि अनेकदा मतदारयादी किंवा शिधापत्रिकेवर आधारलेल्या मदतीच्या यादीतही त्यांची नावे नसतात.

२०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी रस्ते, पूल आणि सांडपाणी प्रकल्पांची कामे हाती घेतली जात असताना तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला २०२५ च्या अखेरीस नागरिकांनी विरोध केला. त्याच शहरात सातपूरकडील फाशीच्या डोंगरावर २०१५ मध्ये लोकसहभागातून दहा हजारांहून अधिक देशी झाडे लावून देवराई उभी करण्यात आली होती, आणि डोंगरउतारावरची अशी झाडी पावसाचे पाणी धरून ठेवते, ते नाल्यांत एकदम उतरू देत नाही. सिंहस्थाच्या आराखड्यात घाट आणि साधुग्राम यांना स्वाभाविकच अग्रक्रम मिळतो. नासर्डीच्या काठावर पर्वणीचे स्नान होत नसल्याने तिच्या मापपट्ट्या, तिच्या पूररेषेतील कुटुंबांचे पुनर्वसन आणि तिच्यात मिसळणारे सांडपाणी यांची तरतूद महापालिकेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातूनच करावी लागेल, आणि त्यासाठी प्रभाग समितीच्या बैठकीत काठावरच्या रहिवाशांनी ती मागणी लेखी नोंदवावी लागेल.