छतावरच्या उन्हावर बोट किती लांब जाते?

भाऊच्या धक्क्यावर सकाळी मोऱ्याच्या किंवा रेवसच्या लाँचसाठी उभे राहिलात, की समुद्राच्या आधी डिझेलचा वास येतो. लाँच धक्क्याला लागलेली असते, इंजिन सुरूच असते आणि वारा किनाऱ्याकडे असेल, तर धूर रांगेतल्या उतारूंच्या अंगावर येतो. आपल्याला तो पाच-दहा मिनिटे सोसावा लागतो. खलाशी, हमाल, तिकीटवाले आणि मासळीच्या टोपल्या उचलणाऱ्या बायकांच्या छातीत मात्र तो दिवसभर जातो. डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच दिला आहे. त्यामुळे ‘बोटी विजेवर चालवता येतील का?’ हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, आरोग्याचाही आहे.

या धक्क्याजवळच याचे एक उत्तर दडले आहे. माझगाव डॉक म्हटले की आपल्याला युद्धनौका आणि पाणबुड्या आठवतात. याच गोदीने सौर-विद्युत बोटीतही लक्ष घातले. गोदीसाठी केरळमधल्या नवआल्ट या कंपनीने बांधलेली ‘बराकुडा’ ही बोट २०२३ च्या अखेरीस पाण्यात उतरली. लांबी १४ मीटर, उतारू १२, प्रत्येकी ५० किलोवॉटच्या दोन मोटारी, छतावर ६ किलोवॉटची सौर पॅनेल आणि कमाल वेग १२.५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २३ किलोमीटर. यातल्या दोन आकड्यांकडे नीट पाहा. मोटारी १०० किलोवॉटच्या आणि पॅनेल ६ किलोवॉटची. मग ही बोट उन्हावर चालते म्हणायचे का?

हिशेब युनिटांचा

घरच्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे एक किलोवॉट शक्ती तासभर वापरणे. मुंबईत स्वच्छ दिवशी दिवसभराचे ऊन गोळा केले, तर ते साधारण पाच तासांच्या भर उन्हाइतके भरते. म्हणजे ६ किलोवॉटची पॅनेल दिवसाला कागदावर ३० युनिटे देतील. तापलेले पॅनेल, त्यावर बसलेला खाऱ्या पाण्याचा थर, आडवे छत आणि तारांमधली गळती धरून पाव भाग वजा केला, तर हातात साडेबावीस युनिटे उरतात.

दोन्ही मोटारी पूर्ण ताकदीने चालवल्या तर ही वीज १३-१४ मिनिटांत संपेल. तेवढ्यात बोट जेमतेम पाच किलोमीटर जाईल. आता वेग निम्मा करा. पाण्यात लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग अर्धा केला की शक्ती आठव्या भागावर येते, म्हणजे १०० ऐवजी १२.५ किलोवॉट. त्याच विजेवर बोट पावणेदोन तासांहून जास्त चालेल आणि २० किलोमीटरचा पल्ला गाठेल. ऊन तेवढेच, अंतर चौपट.

सौर बोटीचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आहे. घाई नसेल तर सूर्य पुरतो, घाई असेल तर धक्क्यावरचा प्लग लागतो. केरळमधली ‘आदित्य’ ही बोट जानेवारी २०१७ पासून वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर ७५ उतारू नेते. तिच्या छतावर २० किलोवॉटची पॅनेल आणि पोटात ५० युनिटांची बॅटरी आहे. तिला हे जमते, कारण खेप जेमतेम तीन किलोमीटरची, पाणी शांत आणि वेग बेताचा आहे. गेटवे ते मांडवा हा उघड्या समुद्रातला, भरती-ओहोटीचा आणि ऑफिस गाठण्याच्या घाईचा मार्ग आहे. तिथे छतावरचे ऊन ही मदत, मुख्य आधार नव्हे.

पॅनेल बोटीवर की धक्क्यावर?

छोट्या होडीचे गणित पाहू. कुलाब्याच्या किंवा वरळीच्या कोळीवाड्यातली एखादी होडी दीड किलोवॉट शक्तीवर चार तास फिरली, तर तिला सहा युनिटे लागतील. दोन मोठी, प्रत्येकी ५५० वॉटची पॅनेल मिळून दिवसाला जेमतेम चार युनिटे देतात. शिवाय प्रत्येक पॅनेल अडीच चौरस मीटरचे असते. ते जाळ्याच्या आड येते, वाऱ्यात शिडासारखे फडफडते आणि डोलकाठीची सावली पडली की निम्मे निकामी होते. हीच पॅनेल किनाऱ्यावरच्या शेडच्या छतावर बसवली, तर चार पॅनेलमध्ये होडीची दिवसाची गरज भागते. पहाटे निघून सकाळी परतणाऱ्या होडीला हे सोयीचेही आहे, कारण भर दुपारी ती किनाऱ्यालाच असते.

दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या लाँचचे उलट आहे. ऊन असते तेव्हा ती समुद्रात, रात्री धक्क्याला असते तेव्हा ऊन नसते. मग दिवसाची सौर वीज महावितरण, बेस्ट अशा कंपनीच्या जाळ्यात सोडून रात्री तेवढीच परत घ्यावी लागते किंवा धक्क्यावर वेगळी मोठी बॅटरी ठेवावी लागते.

पावसाळ्याचे काय, हा प्रश्न हमखास येतो. जून ते ऑगस्ट ऊन कमी मिळते हे खरे. पण याच काळात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. ऊन जेव्हा रुसते, तेव्हा बोटीही बऱ्याच अंशी विश्रांती घेत असतात.

जोडणी करताना

पॅनेलची तार थेट बॅटरीला जोडायची नसते. मध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. तो ऊन कमी-जास्त झाले तरी पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढतो आणि बॅटरी भरली की पुरवठा आवरतो. बॅटरीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार बोटींना बरा. तो लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा सहजासहजी पेट घेत नाही आणि काही हजार वेळा भरता येतो. जुनी शिशाची बॅटरी स्वस्त, पण जड असते, निम्मीच वापरावी लागते आणि भरताना हायड्रोजन सोडते. बंद तळघरात तो साठला तर एक ठिणगी पुरते. बॅटरी कोणतीही असो, तिच्या अगदी जवळ फ्यूज हवा, तार कल्हई केलेल्या तांब्याची हवी आणि प्रत्येक जोड खाऱ्या पाण्यापासून बंद हवा. बोटीवरची आग विझवायला पाणी भरपूर असले, तरी पळायला जागा नसते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. प्लगमधून येणारी मुंबईची वीज अजून बरीचशी कोळशाची आहे. म्हणजे धूर पुरता संपत नाही, काही अंशी दूरच्या चिमणीकडे सरकतो. तरीही विजेची मोटार हाती आलेल्या शक्तीपैकी सुमारे ९० टक्के कामी लावते, तर डिझेल इंजिन साधारण तिसरा हिस्साच. आणि उतारूंच्या रांगेत, मासळीच्या टोपल्यांजवळ तरी धूर राहत नाही.

माझगावच्या गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या पाण्याखाली बॅटरीवरच चालतात. म्हणजे बॅटरीवर समुद्र कापणे या गोदीला नवे नाही. नवा आहे तो आपल्यासमोरचा प्रश्न : उद्या धक्क्यावर ‘सौर बोट’ अशी पाटी दिसली, तर तिची पॅनेल किती किलोवॉटची, मोटार किती किलोवॉटची आणि उरलेली वीज कुठून येते, एवढे तीन आकडे विचारावेत. पाटीपेक्षा ते अधिक खरे बोलतील.