शहामृगाच्या पोटांत

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील आमच्या बहुतेक वाचकांनीं कोंबडी साफ करतांना पाहिली असेल. मानेच्या बुडाशीं दाण्यांची थैली, पुढें जाड स्नायूंची पिशवी, आणि ती चिरली म्हणजे आंत गिळलेले बारीक खडे. पक्ष्याला दांत नसतात. जातें तो पोटांतच बाळगतो.

आतां आम्ही ज्या पक्ष्याविषयीं लिहीत आहों, तो महाराष्ट्रांतून केव्हांच नाहींसा झाला आहे. चाळीसगांवाजवळ पाटणें येथें १९७२-७३ सालीं एस. ए. साळी ह्यांनीं केलेल्या उत्खननांत शहामृगाच्या अंड्यांचीं कवचें मिळालीं. त्यांतील एका तुकड्यावर कोणा माणसानें रेघांची नक्षी कोरलेली आहे. तिचें वय सुमारें २५,००० वर्षें मानितात. कवच चुन्याचें, म्हणून टिकलें. काळीज, आंतडीं, फुप्फुसें ह्यांची माती झाली. मग त्या पक्ष्याच्या पोटांत काय होतें, हें सांगावयाचें कसें?

युरोपांतील मोठा ऑक नांवाचा पक्षी ह्या बाबतींत भाग्यवान, मेल्यावर भाग्य म्हणतां येत असेल तर! आइसलंडजवळील एल्डे बेटावर १८४४ च्या जूनमध्यें मारलेल्या अखेरच्या जोडीचीं इंद्रियें मद्यार्कांत घालून ठेविलेलीं कोपनहेगनच्या संग्रहालयांत आहेत. आपल्या शहामृगाकरितां मात्र नातलगाकडेच विचारपूस करावी लागते. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत भारतांतील जुन्या कवचांमधून आनुवंशिक द्रव्य काढून पाहिलें, तेव्हां आफ्रिकेंतील शहामृगाशीं त्याचें निकट नातें आढळलें.

त्या नातलगाचें पोट मोठें नवलाचें आहे. त्यास गळ्याची थैली नाहीं, पित्ताशयही नाहीं. खडे मात्र आहेत, आणि ते कोंबडीच्या खड्यांहून कितीतरी मोठे. पुढें एका बाजूस बंद असलेल्या दोन लांब नळ्या, व त्यांमागें मोठें आंतडें; कोंबडींत तें बोटभर असतें, येथें कित्येक हात लांब. वाळलेलें गवत त्यांत सावकाश आंबतें आणि त्यांतला पाण्याचा अंश शरीर परत शोषून घेतें. छातीच्या हाडास उडणाऱ्या पक्ष्याची उभी कड नसते, कारण तेथें उड्डाणाचे मोठे स्नायू जडावयाचे नाहींत. दख्खनच्या कोरड्या माळावर चरणाऱ्या पक्ष्यास अशीच आंतली रचना सोयीची झाली असती, असें आम्हांस वाटतें; तथापि हें अनुमान होय, पाहिलेली गोष्ट नव्हे.

कुकडी ह्या नांवाचा कोंबडीशीं संबंध असो वा नसो, त्या नदीकांठीं बोरी येथें ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर दगडी हत्यारें मिळालीं आहेत. अशा जुन्या गाळांत सुमारें दोन मिलिमीटर जाडीचा, म्हणजे कोंबडीच्या कवचाच्या पांच-सहा पट जाड, किंचित् वांकलेला तुकडा कोणा विद्यार्थ्यास दिसलाच, तर तो उपटून खिशांत घालूं नये. जागा लिहून ठेवावी व पुण्याच्या डेक्कन कॉलेजास कळवावें.