थंड हवेचे पाच हॉर्सपॉवर

पेट्रोल इंजिनाची ताकद वाढवायची म्हटलं की घोडं अडतं ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजेक्टरमधून पेट्रोल हवं तेवढं फवारता येतं. हवा मात्र पिस्टन खाली उतरताना जेवढी आत येईल तेवढीच. १.२ लिटरचं साधं इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला साठेक लिटर हवा ओढतं. तेवढ्या लिटरांत हवेचं वजन किती भरेल, हे तिच्या तापमानावर आणि दाबावर ठरतं. बॉनेटवरचा स्कूप काय किंवा अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणून मिळणारा पाइप-फिल्टरचा संच काय, दोन्हींचा दावा याच दोन गोष्टींवर उभा आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो खोटा नाही. पण कुठल्या गाडीला, किती वेगाला आणि किती प्रमाणात तो लागू पडतो हे तपासलं, की त्यातली बरीचशी हवा निघून जाते.

आधी दाबाचं बघू. स्कूप समोरचा वारा पकडतो आणि इंजिनात कोंबतो, ही कल्पना दिसायला फार पटण्यासारखी आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला समोरची हवा पुरती अडवली, तरी जादा दाब मिळतो सुमारे ४६० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. शहरातल्या ५० च्या वेगाला त्याचा चौथा हिस्सा. ताशी ३०० ला मात्र तो चार टक्क्यांवर जातो, आणि म्हणूनच फॉर्म्युला वन गाडीत चालकाच्या डोक्यामागे हवेचं तोंड असतं. कावासाकीने २०१६ च्या झेडएक्स-१०आर या बाइकची ताकद २०० पीएस आणि ‘रॅम एअर’सह २१० पीएस अशी दोन आकड्यांत दिली होती. ३०० च्या आसपास पळू शकणाऱ्या यंत्रालाही फायदा झाला तो पाच टक्क्यांचा. शिवाय बॉनेटच्या पत्र्याला लागून वाहणारी हवा संथ असते, त्यामुळे चपट्या, बुटक्या स्कूपच्या वाट्याला खरा वारा येतच नाही. १९७० च्या शेवरले शेव्हेल एसएसमध्ये स्कूपचं तोंड चक्क मागे, काचेकडे होतं. विंडशील्डच्या पायथ्याशी हवा अडते आणि तिथे दाब साठतो, हे डेट्रॉइटच्या इंजिनिअरांना ठाऊक होतं. अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबला की तिथली झडप उघडायची. त्या काळातली ही सर्वात हुशार रचना. 

तापमानाचा मुद्दा जास्त वजनदार आहे. २५ अंशांची हवा ५५ अंशांवर गेली की तिची घनता नऊ टक्क्यांनी घटते. ताकद मात्र तेवढी घटत नाही. इंजिनाची ताकद मोजण्याच्या आयएसओ १५८५ या मानकात, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनासाठी, निरपेक्ष तापमानाचा ०.६ वा घात धरून दुरुस्ती करतात. त्या हिशेबाने तूट साडेपाच टक्क्यांच्या आसपास येते. ९० हॉर्सपॉवरच्या गाडीत हे झाले पाच. पण हे पाच परत मिळवायचे, तर मूळ गाडी खरोखरच ५५ अंशांची हवा ओढत असली पाहिजे. बहुतेक आधुनिक गाड्यांत कंपनीचा पाइप ग्रिलमागून किंवा फेंडरच्या आतून बाहेरचीच हवा घेतो. म्हणजे ‘कोल्ड एअर इनटेक’ गाडीसोबत आलेलाच असतो. तो काढून इंजिनाशेजारी उघडा शंकूसारखा फिल्टर बसवला, तर हवा रेडिएटरच्या मागची गरम मिळते, आणि पैसे मोजून ताकद कमी करून घेतल्यासारखं होतं. नीट बंदिस्त, बाहेरून हवा घेणारा संच असेल आणि दहा अंशांचा फरक पडला, तर फायदा दोन टक्क्यांचा.

यावर गॅरेजमधून पहिला आक्षेप येतो तो डायनोच्या, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्राच्या, कागदाचा: आकडा वाढलेला दिसतो की! बॉनेट उघडं ठेवून, समोर मोठा पंखा लावून घेतलेली ती चाचणी असेल, तर उघड्या फिल्टरला रस्त्यावर कधीच न मिळणारी थंड हवा तिथे मिळते. दुसरा आक्षेप अनुभवाचा: पिकअप वाढल्याचं जाणवतं. कंपनीच्या फिल्टरच्या डब्यात हवेचा आवाज मारणारे कप्पे असतात. ते गेले की इंजिन गुरगुरतं आणि कान पायाला फसवतात. तिसरा मायलेजचा: हवेची वाट मोकळी झाली की ते वाढतं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये एअर फिल्टर मुद्दाम चोंदवून गाड्या तपासल्या. आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या मायलेजवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. प्रवेग घ्यायला लागणारा वेळ मात्र वाढला. कारण सोपं आहे. रोजच्या चालवण्यात थ्रॉटल अर्धवट मिटलेलीच असते, म्हणजे हवा आपणच अडवत असतो. अडवलेल्या हवेची वाट रुंद करून काय साधणार? पुरता अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मोकळ्या वाटेचा उपयोग होतो, हे मान्य. कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट आणि ईसीयूचं मॅपिंग बदललेल्या इंजिनाला तर ती लागतेच.

एका जातीचा स्कूप मात्र खरं काम करतो, आणि गंमत म्हणजे त्याची हवा इंजिनात जातच नाही. सुबारू डब्ल्यूआरएक्स किंवा आपल्याकडची पहिल्या पिढीची तीन लिटर डिझेल फॉर्च्युनर घ्या. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती शंभर अंशांपलीकडे तापू शकते. या गाड्यांत तिला थंड करणारा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर असतो आणि स्कूपचा वारा त्याच्या जाळीतून खाली निघून जातो. तो स्कूप बुजवला तर चढावर गाडी दमेल.

महाराष्ट्रात आणखी एक हिशेब करावा लागतो, पावसाचा. थंड हवेच्या नादात फिल्टर बंपरमागे खाली उतरवला, की तुंबलेल्या रस्त्यावर तोच पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. कंपनी आपल्या पाइपचं तोंड वर ठेवते ते याच भीतीने.

तेव्हा खरेदीआधी एक साधी चाचणी करा. स्वस्तातला ओबीडी रीडर लावा, हायवेवर स्थिर वेगाने चालताना शेजारी बसलेल्याला इनटेक एअर टेम्परेचर वाचायला सांगा आणि बाहेरच्या तापमानाशी ताडून पाहा. फरक दहा अंशांच्या आत असेल, तर पैसे चांगल्या टायरवर घाला.